सई परांजपे

सई परांजपे (जन्म : लखनौ, १९ मार्च १९३८) या मराठी लेखिका, नाटककार, बालरंगभूमीकार आणि हिंदी चित्रपटांच्या पटकथाकार व दिग्दर्शिका आहेत. ‘स्पर्श’, ‘चश्मेबद्दूर’, ‘कथा’, ‘दिशा’ आणि ‘साज’ हे त्यांचे प्रमुख चित्रपट होत. आकाशवाणी, रंगभूमी, दूरदर्शन, चित्रपट आणि माहितीपट अशा पाच माध्यमांत त्यांनी काम केले. भारत सरकारने २००६ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे त्यांचे आजोबा (आईचे वडील) आणि समाजकार्यकर्त्या, लेखिका व अभिनेत्री शकुंतला परांजपे या त्यांच्या आई. महाराष्ट्राच्या शैक्षणिक आणि सामाजिक इतिहासात या दोघांनाही मानाचे स्थान आहे. अशा घरातील मुलीची पहिली ओळख ‘रँग्लरांची नात’ किंवा ‘शकुंतलाबाईंची मुलगी’ अशी होणे स्वाभाविक होते. सई परांजपे यांच्या कारकिर्दीचे वैशिष्ट्य असे की, हे नाव न टाकता आणि त्याचा आधारही न घेता त्यांनी त्याला तिसरा, स्वतंत्र अर्थ मिळवून दिला.

## कौटुंबिक पार्श्वभूमी

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे (१८७६–१९६६) यांचा जन्म दापोली तालुक्यातील मुर्डी या गावी झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे नातलग. १८९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत ते सीनियर रँग्लर ठरले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. परतल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. पुढे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९४४ ते १९४७ या काळात ऑस्ट्रेलियातील भारताचे उच्चायुक्त अशी पदे त्यांनी भूषविली. ते कट्टर बुद्धिवादी होते.

त्यांच्या कन्या शकुंतला परांजपे (१९०६–२०००) यांनीही केंब्रिजला गणिताचे शिक्षण घेतले आणि काही काळ जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेत काम केले. भारतात परतल्यावर त्यांनी कुटुंबनियोजनाच्या प्रचारास वाहून घेतले. संततिनियमन हा शब्द सभ्य घरात उच्चारणेही कठीण असण्याचा तो काळ होता. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाशी त्यांचा लेखिका म्हणून संबंध होता. १९५८ ते १९६४ या काळात त्या विधान परिषदेच्या सदस्य होत्या आणि १९६४ ते १९७० या काळात राज्यसभेच्या राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होत्या. १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

शकुंतलाबाईंचा चित्रपटाशीही संबंध आला होता. व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’ (१९३७) या प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटात त्यांनी भूमिका केली. वृद्ध वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेल्या तरुण नीराची ही कथा. त्या वकिलाची सुशिक्षित, समाजकार्यात वावरणारी मुलगी शकुंतलाबाईंनी साकारली. ही मुलगी आपल्याच वडिलांच्या कृत्याविरुद्ध सावत्र आईची बाजू घेते. पडद्यावरील ही व्यक्तिरेखा आणि प्रत्यक्षातील शकुंतलाबाई यांच्यात फारसे अंतर नव्हते.

सई यांचे वडील युरा स्लेप्टसॉफ हे रशियन चित्रकार होते. सई यांच्या जन्मानंतर थोड्याच काळात आईवडील विभक्त झाले आणि शकुंतलाबाईंनी मुलीला आपल्या वडिलांच्या घरी वाढविले. त्यामुळे सई यांचे आडनाव वडिलांचे नाही आणि विवाहानंतर ते पतीचेही झाले नाही. जन्मभर त्यांनी लावले ते आईच्या माहेरचे आडनाव, म्हणजे रँग्लर परांजप्यांचे. ज्या नावाच्या छायेतून स्वतःची वाट काढायची तेच नाव प्रत्येक श्रेयनामावलीत झळकणार होते.

## बालपण आणि शिक्षण

आजोबा उच्चायुक्त असताना सई यांच्या बालपणाची काही वर्षे ऑस्ट्रेलियात गेली. त्या वास्तव्यावर शकुंतलाबाईंनी ‘थ्री इयर्स इन ऑस्ट्रेलिया’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले. पुढचे बालपण पुण्यात गेले. मुलीने लिहावे, वाचावे, भाषा शिकाव्यात याकडे आईचे बारीक लक्ष असे. वयाच्या आठव्या वर्षीच सई यांचा ‘मुलांचा मेवा’ हा मुलांसाठीच्या गोष्टींचा संग्रह प्रसिद्ध झाला.

चित्रपटाचे पहिले संस्कार मात्र आईकडून झाले नाहीत. १९४० व १९५० च्या दशकांत चित्रपटनिर्मितीत असलेले अच्युत रानडे हे सई यांचे नातलग फर्ग्युसन टेकडीवर राहत. लहानगी सई त्यांच्या घरी जाई आणि ते तिला पटकथा वाचून दाखवावी तशा गोष्टी सांगत. गोष्ट शब्दांत असताना ती डोळ्यांपुढे दृश्यरूपाने उभी करण्याची सवय तेथे लागली.

पुढे सई यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात प्रवेश घेतला आणि १९६३ मध्ये तेथील अभ्यासक्रम पूर्ण केला. गणित आणि समाजकारण यांची परंपरा असलेल्या घरातून नाट्यशिक्षणाकडे वळणे हा स्वतंत्र वाटेचा पहिला ठळक टप्पा म्हणता येईल. या क्षेत्रात रँग्लर ही पदवी कामाची नव्हती आणि समाजकार्याची पुण्याईही उपयोगाची नव्हती.

## आकाशवाणी आणि रंगभूमी

सई परांजपे यांच्या व्यावसायिक जीवनाचा आरंभ आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर निवेदिका म्हणून झाला. लवकरच त्या मुलांच्या कार्यक्रमांकडे वळल्या. केवळ आवाजाच्या बळावर मुलांना खिळवून ठेवायचे, तर संवाद छोटे, खेळकर आणि बोलीच्या जवळ जाणारे हवेत. पुढे त्यांच्या चित्रपटांतील संवादांची जी खासियत मानली गेली तिची बीजे या लेखनात आढळतात.

रंगकर्मी अरुण जोगळेकर यांच्यासमवेत त्यांनी पुण्यात बालरंगभूमीची संस्था सुरू केली. पुढे दोघांचा विवाह झाला. कालांतराने ते विभक्त झाले, तरी अरुण जोगळेकर यांच्या १९९२ मधील निधनापर्यंत त्यांचा स्नेह आणि कामातील सहकार्य टिकून राहिले. ‘शेपटीचा शाप’ आणि ‘झाली काय गंमत’ ही सई यांची बालनाट्ये आहेत. ‘बिकट वाट वहिवाट’, ‘जास्वंदी’, ‘सख्खे शेजारी’, ‘माझा खेळ मांडू दे’ आणि ‘आलबेल’ ही त्यांची प्रौढ रंगभूमीवरील उल्लेखनीय नाटके होत.

## दूरदर्शन

१९७० च्या दशकात सई परांजपे यांनी दिल्ली दूरदर्शनवर निर्माती व दिग्दर्शिका म्हणून काम केले. भारतात दूरचित्रवाणी तेव्हा बाल्यावस्थेत होती. साधने तुटपुंजी होती आणि प्रेक्षकवर्गही मर्यादित होता, परंतु प्रयोगाला वाव होता. त्यांच्या ‘द लिट्ल टी शॉप’ (१९७२) या दूरचित्रवाणीपटाला तेहरान येथे आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार मिळाला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्याच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमाची निर्मिती त्यांच्याकडे सोपविण्यात आली होती.

चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीसाठी त्यांनी ‘जादू का शंख’ (१९७४) आणि ‘सिकंदर’ (१९७६) हे बालचित्रपट दिग्दर्शित केले. पुढे त्या संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी दोन वेळा सांभाळले. पहिला मोठा चित्रपट हाती घेईपर्यंत त्यांच्या गाठीशी आकाशवाणी, नाटक, दूरदर्शन आणि बालचित्रपट असा दीर्घ अनुभव होता. ‘स्पर्श’ पूर्ण झाला तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी ओलांडली होती.

## चित्रपट

### स्पर्श

‘स्पर्श’ हा सई परांजपे यांचा प्रौढांसाठीचा पहिला कथापट. बासू भट्टाचार्य हे त्याचे निर्माते. अनिरुद्ध परमार (नसीरुद्दीन शाह) हा अंधशाळेचा अंध प्राचार्य आणि पतिनिधनाच्या दुःखातून अद्याप न सावरलेली कविता (शबाना आझमी) यांच्या नात्याची ही कथा. दिल्लीतील ब्लाइंड रिलीफ असोसिएशनच्या शाळेत चित्रण झाले आणि तेथील अंध विद्यार्थ्यांनी त्यात कामे केली. प्राचार्याची व्यक्तिरेखा त्याच शाळेच्या मुख्याध्यापकांवरून सुचलेली आहे.

चित्रपटाचा गाभा मदत आणि कणव यांतील फरकात आहे. अनिरुद्धला सहकार्य चालते, कीव मात्र सोसत नाही. कविताचे प्रेम म्हणजे त्यागाची हौस तर नव्हे, या शंकेने तो तिच्यापासून दूर जातो. दिग्दर्शिका या स्वाभिमानाचा गौरव करते आणि त्यातील ताठरपणाही लपवीत नाही.

२७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘स्पर्श’ला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा, नसीरुद्दीन शाह यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा आणि सई परांजपे यांना सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. राष्ट्रीय सन्मान मिळूनही चित्रपटगृहांत सर्वत्र पोहोचण्यास त्याला काही वर्षे लागली. १९८५ च्या फिल्मफेअर पुरस्कारांत त्याने सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि संवाद हे तीन पुरस्कार मिळविले.

### चश्मेबद्दूर

‘स्पर्श’सारख्या गंभीर चित्रपटानंतर त्यांनी विनोदी चित्रपट केला. गुल आनंद निर्मित ‘चश्मेबद्दूर’ (१९८१) हा त्यांच्याच ‘धुआँ धुआँ’ या दूरदर्शन नाटकावर आधारलेला होता. दिल्लीत एका खोलीत राहणारे तीन मित्र, ‘चमको’ ही कपडे धुण्याची पावडर घरोघर विकणारी मुलगी आणि उधारीची वही सांभाळणारा पानवाला लल्लन मियाँ यांची ही गोष्ट. फारूख शेख, दीप्ती नवल, राकेश बेदी, रवी बासवानी आणि सईद जाफरी यांनी त्यात भूमिका केल्या.

दोन मित्र नायिकेवर छाप पाडू पाहतात, फजीत होतात आणि तिसऱ्यापुढे मात्र यशाच्या बढाया मारतात. या बढायांसाठी दिग्दर्शिकेने तत्कालीन हिंदी चित्रपटांतील प्रेमगीतांचे विडंबन वापरले आहे. ५ एप्रिल २०१३ रोजी, डेव्हिड धवन यांनी केलेली नवी आवृत्ती प्रदर्शित झाली त्याच दिवशी, मूळ चित्रपटही पुन्हा प्रदर्शित करण्यात आला.

### कथा

‘कथा’ (१९८३) हा एस. जी. साठ्ये यांच्या ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकावर आधारित आहे. मुंबईच्या चाळीत राहणारा सरळमार्गी कारकून राजाराम जोशी (नसीरुद्दीन शाह) हा यातील कासव आणि त्याच्याकडे येऊन ठाण मांडणारा थापाड्या बाशू (फारूख शेख) हा ससा. संध्या सबनीस (दीप्ती नवल) बाशूच्या गोड बोलण्याला भुलते.

लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत कासव शर्यत जिंकते. येथे तसे सरळ घडत नाही. राजारामला संध्या मिळते, पण ती फसवली गेल्यानंतर. आणि ससा शिक्षा न भोगता पुढच्या मुलखात निघून जातो. चाळीतील सार्वजनिक नळ, सामायिक गॅलरी, शेजाऱ्यांची चौकशी या तपशिलांतून मराठी मध्यमवर्गीय जीवन हिंदी पडद्यावर आले. ३० व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘कथा’ सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला.

### दिशा

‘दिशा’ (१९९०) मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी खेड्यातून मुंबईच्या कापडगिरण्यांत पोटासाठी येणाऱ्या माणसांचे चित्रण आहे. शबाना आझमी, नाना पाटेकर, ओम पुरी आणि रघुवीर यादव यांच्या त्यात भूमिका आहेत. गावाकडे परशुराम हा शेतकरी वर्षानुवर्षे एकट्याने विहीर खणत राहतो आणि गावकरी त्याला वेडा समजतात. मुंबईत त्याचा भाऊ सोमा आणि मित्र वसंत गिरणी कामगारांच्या गाळ्यात दाटीवाटीने राहतात. अखेर विहिरीला पाणी लागते. सोमा गावी परततो, वसंत शहरातच राहतो. स्थलांतर चूक की बरोबर, याचा निवाडा दिग्दर्शिका करीत नाही. दोघांच्या निवडीमागची कारणे मात्र ती स्पष्ट करते.

### साज आणि नंतरचे चित्रपट

‘पपीहा’ (१९९३) हा पर्यावरणविषयक चित्रपट होता. त्यानंतरच्या ‘साज’ (१९९७) मध्ये मानसी (अरुणा इराणी) आणि बन्सी (शबाना आझमी) या पार्श्वगायिका भगिनींची कथा आहे. वडील नाटकांतून गाणारे. थोरली बहीण कीर्तीच्या शिखरावर असताना धाकटीने आपला आवाज कसा सिद्ध करायचा, हा चित्रपटाचा प्रश्न आहे. घरातील माणसाच्या प्रसिद्धीने जसे दार उघडते, तसेच ते अडतेही. हे दोन्ही पदर ‘साज’ दाखवितो. भूपेन हजारिका, यशवंत देव, राजकमल आणि झाकीर हुसेन या चौघांनी संगीत दिले. झाकीर हुसेन यांनी भूमिकाही केली. जावेद अख्तर यांना या चित्रपटातील गीतलेखनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

## मालिका आणि माहितीपट

१९८० च्या दशकात त्यांनी दूरदर्शनसाठी ‘अडोस पडोस’ आणि ‘छोटे बडे’ या मालिका केल्या. माहितीपटांत ‘चूडियाँ’ हा फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला दारूच्या व्यसनाविषयीचा लघुपट विशेष गाजला. त्याला सामाजिक प्रश्नांवरील चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सुई’ (२००९) या लघुपटाचा विषय सुईवाटे अमली पदार्थ घेणाऱ्यांमधील एड्सचा धोका हा आहे.

विषयांच्या निवडीत येथे आईशी जवळीक दिसते. शकुंतलाबाईंनी कुटुंबनियोजनासारखा अवघड विषय लोकांपुढे नेला, तर मुलीने व्यसन, अंधत्व, स्थलांतर आणि एड्स हे विषय पडद्यावर आणले. फरक पद्धतीचा आहे. आईचे साधन लेख, व्याख्यान आणि सभागृह हे होते. मुलीने बहुतेक वेळा गोष्टीचा मार्ग धरला आणि विनोदाला सोबत घेतले.

## वारसा आणि स्वतंत्र ओळख

मराठी चित्रसृष्टीत पुढची पिढी बहुधा घरच्याच संस्थेतून पुढे आलेली दिसते. व्ही. शांताराम यांचे पुत्र किरण शांताराम राजकमलमध्ये घडले. महेश कोठारे यांचे पुत्र आदिनाथ यांनी वडिलांच्या ‘माझा छकुला’ (१९९४) मध्ये बालकलाकार म्हणून पदार्पण केले. पुढे मराठवाड्यातील पाणीटंचाईवरील ‘पाणी’ हा चित्रपट दिग्दर्शित करून त्यांनी वडिलांच्या धमाल करमणुकीपेक्षा वेगळी वाट धरली. त्या चित्रपटाला ६६ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पर्यावरण संवर्धनविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. प्रभाकर पेंढारकर यांनी वडील भालजी पेंढारकर यांच्या ऐतिहासिक चित्रपटांच्या परंपरेबाहेर माहितीपट आणि कादंबरी या क्षेत्रांत नाव मिळविले.

सई परांजपे यांची स्थिती या सर्वांहून निराळी होती. त्यांच्या घरी ना स्टुडिओ होता ना निर्मितिसंस्था. वारशाने त्यांना मिळाले ते ग्रंथ, भाषा, शिस्त आणि मोकळा विचार. ही शिदोरी मोठी होती, हे नाकारता येत नाही. आठव्या वर्षी पुस्तक प्रसिद्ध होणे सामान्य घरातील मुलीच्या वाट्याला सहसा येत नाही. परंतु निर्माता मिळविणे, चित्रपट पूर्ण करणे आणि तो प्रेक्षकांपर्यंत पोहोचविणे यांत या शिदोरीचा उपयोग मर्यादित होता. शिवाय त्या काळी हिंदी चित्रपटसृष्टीत स्त्री दिग्दर्शिका विरळाच होत्या.

त्यांच्या चित्रपटांतील माणसे पाहिली असता आणखी एक गोष्ट ध्यानात येते. कुलगुरू, मंत्री, उच्चायुक्त अशा वर्तुळात बालपण गेलेल्या या दिग्दर्शिकेने नायक म्हणून निवडले ते कारकून, नोकरी शोधणारे तरुण, शाळामास्तर, गिरणी कामगार आणि विहीर खणणारा शेतकरी. या माणसांकडे पाहताना त्यांची दृष्टी उपकाराची नाही आणि उपहासाचीही नाही.

## लेखन

‘सय : माझा कलाप्रवास’ (२०१६) हे त्यांचे मराठी आत्मपर पुस्तक राजहंस प्रकाशनाने प्रसिद्ध केले. ‘अ पॅचवर्क क्विल्ट’ (२०२०) हे त्यांचे इंग्रजी आत्मकथन होय. सई हे नाव आणि आठवण या अर्थाचा ‘सय’ हा शब्द यांच्या जवळिकीचा मराठी शीर्षकात सुंदर उपयोग झाला आहे.

## पुढील पिढी

गौतम जोगळेकर आणि विनी परांजपे-जोगळेकर ही सई परांजपे आणि अरुण जोगळेकर यांची मुले. विनी यांनी ‘पपीहा’मध्ये भूमिका केली. गौतम यांनी ‘जय जय महाराष्ट्र माझा’ (२०१२) हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला. अशा रीतीने प्रसिद्ध आईच्या नावाबरोबर स्वतःचे काम उभे करण्याचा प्रश्न या घरात पुढच्या पिढीसमोरही आला; मात्र या वेळी ती आई स्वतः चित्रपट दिग्दर्शिका होती.

## प्रमुख सन्मान

* आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार – ‘द लिट्ल टी शॉप’ (१९७२)
* राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार, सर्वोत्कृष्ट पटकथा – ‘स्पर्श’
* राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार, सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट – ‘स्पर्श’ आणि ‘कथा’
* फिल्मफेअर पुरस्कार, सर्वोत्कृष्ट दिग्दर्शन व संवाद – ‘स्पर्श’ (१९८५)
* राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार, सामाजिक प्रश्नांवरील लघुपट – ‘चूडियाँ’
* पद्मभूषण (२००६). आई शकुंतला परांजपे यांना हाच सन्मान १९९१ मध्ये समाजकार्यासाठी मिळाला होता. मुलीला तो कलाक्षेत्रातील कामगिरीसाठी मिळाला.
* पद्मपाणी जीवनगौरव पुरस्कार, अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, छत्रपती संभाजीनगर (२०२५)